गातो, गाते, गाईन

वहीच्या त्या पानावर एकच ओळ सात वेळा लिहिलीय आणि सहा वेळा खोडलीय. पहिल्यांदा ती 'मी गाते'वर संपते. दुसऱ्यांदा 'मी गातो'वर. तिसऱ्यांदा कुणीतरी 'आम्ही गातो' केलंय आणि त्याखाली पेन्सिलीनं, वेगळ्या अक्षरात, 'आम्ही म्हणजे कोण?' असं विचारलंय. समासात गिटारचे कॉर्ड: जी, डी, ई मायनर, सी. कोपऱ्यात चहाच्या ग्लासाचा गोल डाग.

पान २००४ च्या पावसाळ्यातलं. नगरला आमच्या चर्चच्या मागे एक खोली होती. शब्बाथ शाळेची मोडकी बाकं, नाताळचा तारा, गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या असलं सगळं तिथं असायचं. शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच जण त्या पसाऱ्यात जागा करून बसायचो. एक कॅसिओ, म्हणजे मी. एक गिटार, एक उसना बेस, एक गायक, आणि एक ड्रमर, ज्याच्याकडे ड्रम नव्हते. तो स्टुलावर आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर वाजवायचा. आम्ही स्वतःला बँड म्हणवून घ्यायचो. मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, आम्हाला 'तरुण संघाची पोरं' म्हणायची, माझ्यासकट.

त्या वर्षी गिटारवाल्याच्या मावसभावानं पुण्याहून एक सीडी आणली होती. तिच्यावर मार्करनं फक्त 'इंग्लिश कोरस' लिहिलेलं. (आमच्यात 'गीत' म्हणजे उपासना संगीताच्या पुस्तकात क्रमांक असलेलं जुनं, भारदस्त प्रकरण, 'कोरस' म्हणजे टाळ्या वाजवून पुन्हा पुन्हा म्हणायचं हलकंफुलकं. या दोन शब्दांवरून मंडळीत भांडणं झालेली आहेत.) त्या सीडीवर एक गाणं होतं, नुसत्या पियानोवर सुरू होणारं. 'आय कॅन ओन्ली इमॅजिन'. टेक्ससच्या मर्सीमी नावाच्या बँडचं. ते आम्ही इतकं ऐकलं की सीडी मध्येच अडखळायला लागली, आणि आम्ही ते अडखळणंसुद्धा पाठ केलं.

मग साहजिकच वाटलं, असं एक आपण मराठीत करू. आठवड्याचं काम. सहा आठवडे लागले.

त्या गाण्यामागची गोष्ट तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हती. नंतर सगळ्या जगाला कळली, २०१८ मध्ये त्यावर सिनेमाच निघाला. बँडचा गायक बार्ट मिलार्ड. त्याचे वडील तापट, मारकुटे. पुढं त्यांना कर्करोग झाला, माणूस बदलला, बाप-लेकाचं जुळलं, आणि १९९१ मध्ये वडील गेले. मुलगा तेव्हा कॉलेजच्या वयाचा. दफनाच्या वेळी आजी बोलून गेली की तो आता काय काय बघत असेल, त्याची आपण नुसती कल्पनाच करू शकतो. ते वाक्य पोराच्या डोक्यात बसलं. हाताला येईल त्या कागदावर तो ते लिहीत राहिला. १९९९ मध्ये बँड स्वतःच्या खर्चानं एक अल्बम करत होता, त्यासाठी आणखी एक गाणं हवं होतं. बार्टनं जुनी वही चाळली, ती ओळ सापडली, आणि दहा मिनिटांत गाणं लिहून झालं. पुढचा प्रवास नशिबाचा. एमी ग्रँट ही ख्रिस्ती संगीतातली सर्वांत मोठी गायिका ते गाणं स्वतः रेकॉर्ड करणार होती, पण तिनं ते बँडला परत दिलं. २००१ च्या त्यांच्या अल्बममध्ये ते आलं, २००२ मध्ये ख्रिस्ती संगीताच्या डव्ह पुरस्कारांत वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरलं, आणि २००३ मध्ये नेहमीच्या, बिगरख्रिस्ती रेडिओवरही वाजायला लागलं.

ती 'दहा मिनिटं' सगळे सांगतात. मला त्या गोष्टीत दुसरंच काही दिसतं. त्या गाण्यात वडील नाहीत.

खरंच नाहीत. मार नाही, आजार नाही, माफी नाही, आजीसुद्धा नाही. गाणं नुसते प्रश्न विचारतं: मी तुझ्यासमोर आलो की काय करीन? नाचीन की गप्प होईन? उभ्यानं की गुडघ्यावर? गाता येईल की तोंडातून शब्दच फुटणार नाही? ज्याच्या आठवणीनं गाणं सुरू झालं तो माणूस बाहेर ठेवला आणि दार उघडं टाकलं. म्हणून ते गाणं जगभर कुणाच्याही अंत्यविधीला चालतं. ज्याचा त्याचा माणूस ज्यानं त्यानं आत आणून बसवायचा.

आमच्या गिटारवाल्याचे पप्पा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. एसटीत कंडक्टर. नगर–पाथर्डी गाडीवर मीही त्यांच्याकडून तिकीट घेतलेलं. बोलणं कमी, हातातल्या पंचाची टकटक जास्त. पुढं सरका, हे ते तोंडानं न सांगता दांडीवर पंच वाजवून सांगायचे. पोरानं पहिलं कडवं लिहून आणलं ते असं होतं: खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची पिशवी, आणि स्वर्गाच्या दारातही पप्पा सगळ्यांना 'सुट्टे द्या' म्हणत असतील.

आम्ही हसलो. तोही हसला. मग हसता हसता त्याचं तोंड फिरलं आणि तो गिटारची तार पिळत बसला.

गायक म्हणाला, "चांगलंय रे. पण मंडळीनं कसं म्हणायचं हे? सगळ्यांचे पप्पा काय कंडक्टर होते?"

बोलणं तुसडं होतं, पण खोटं नव्हतं. 'सुट्टे द्या' गेलं. आज मला वाटतं, त्या सहा आठवड्यांत आम्ही लिहिलेली सर्वांत चांगली ओळ तीच होती.

नंतर मी पुण्याला आले, नोकरी लागली, दुसऱ्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवू लागले आणि ही गाणी तिकडे कशी तयार होतात ते वाचत-ऐकत गेले. त्या धंद्याचं गाव अमेरिकेतलं नॅशव्हिल. तिथं गाणं बहुतेक वेळा रात्री एकट्याला 'सुचत' नाही. सकाळी दहा-अकराची वेळ ठरवून ते लिहितात. एका खोलीत दोघं-तिघं: एक बँडमधला, एक पोटासाठी गाणी लिहिणारा, एक लॅपटॉपवर तिथल्या तिथं ताल-सूर उभे करणारा. प्रत्येकाच्या फोनमध्ये अर्धवट ओळींची यादी, प्रवचनात कानावर पडलेलं वाक्य, म्हाताऱ्या माणसाचा एखादा शब्द. आधी कॉफी आणि कुणाच्या घरी काय बिनसलंय त्याच्या गप्पा, कधी प्रार्थना. मग एक जण म्हणतो, माझ्याकडे एक ओळ आहे. दुपारी घरी जाताना फोनवर कच्चं रेकॉर्डिंग असतं. पाट्या टाकणं वाटावं असं हे काम, आणि पुष्कळदा असतंही. पण मॅट रेडमन आणि योनास मिरीन हे गीतकार असेच दोघं बसले, बायबलमधलं १०३ वं स्तोत्र पुढ्यात होतं, आणि त्यातून 'टेन थाउजंड रीझन्स' आलं. २०१३ मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाली. ते गाणं मी कितीही वेळा वाजवलं तरी शिळं झालेलं नाही.

साचा ठरलेला असतो. कडवं, मग चढण, मग कोरस (इथं अर्थ धृपद), पुन्हा कडवं, कोरस, मग ब्रिज, म्हणजे मधला वेगळा तुकडा. ब्रिजवर या मंडळींचा फार जीव. एकच ओळ चारदा, आठदा, दर वेळी ड्रम थोडे थोडे वर चढवत. पहिल्यांदा कुणाला हे यांत्रिक वाटेल. पण भजनाच्या शेवटी लय वाढवत गजर होतो तेव्हा आपण वेगळं काय करतो? तिथंही शब्द दोनच असतात.

सुरांची भाषाही ओळखीची निघाली. नॅशव्हिलमध्ये वादक जी, डी, ई मायनर असं लिहीत नाहीत, आकडे लिहितात, सापासून कितवा सूर ते. एक, पाच, सहा, चार. एल्व्हिसच्या मागे गाणारे जॉर्डनेअर्स होते, त्यांच्यातल्या नील मॅथ्यूजनं १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली आणि चार्ली मकॉय या वादकानं ती स्टुडिओभर पसरवली. फायदा एवढाच की गायकाचा गळा बसला असेल तर पट्टी बदलायची, कागद तोच. हे वाचलं तेव्हा मला आमचे पेटीवाले काका आठवले. त्यांना आमचे जी आणि डी कधी कळले नाहीत आणि त्यांचं काही अडलंही नाही. "सा कुठं ठेवू सांग," एवढंच ते विचारायचे.

सा कुठं ठेवायचा, यावरच आमची पहिली मोठी अडचण झाली.

आमच्या गायकाचा गळा वरचा. त्याला कोरस असा हवा होता की शेवटचा सूर छप्पर फाडून जावा. बँडची रेकॉर्डिंग्ज तशीच असतात. चर्चमधली बायका-माणसं त्या पट्टीत गाऊ शकत नाहीत. पुरुष आणि बायका एकच चाल एका सप्तकाच्या अंतरानं म्हणतात, त्यामुळे सगळ्यांना झेपेल अशी जागा फार थोडी: एक सप्तक, आणि वर एखाद-दुसरा सूर. बस्स. चर्चसाठी चाल बांधणाऱ्या माणसाला एवढ्याच अंगणात खेळायचं असतं.

अमेरिकेतल्या ख्रिस्ती रेडिओवाल्यांनी त्यासाठी एक काल्पनिक बाईच तयार केली होती. नाव बेकी. मध्यमवयाकडे झुकणारी, पोरंबाळं असलेली, गाडी चालवता चालवता रेडिओ ऐकणारी. गाणं वाजवायचं की नाही, ते बेकीला काय वाटेल यावर. या बेकीला तिकडचे कलाकार भरपूर शिव्या घालतात, आणि गाणी गुळगुळीत होण्याचं पाप बरंचसं तिच्या पदरात आहे. तिकडे आणखी एक चेष्टा चालते: रेडिओवरच्या गाण्यात मिनिटाला किती वेळा येशूचं नाव येतं ते मोजायचं, गाडीचा वेग मोजावा तसं.

आमच्याकडे बेकी नव्हती, मावशी होत्या. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, तिसऱ्या बाकावर डावीकडे, आवाज खणखणीत. त्यांच्या गळ्यात जे गीत बसलं नाही ते मंडळीत बसलं नाही, हा अनुभव. एका शनिवारी त्या सतरंजी न्यायला खोलीत आल्या आणि आम्ही त्यांना बसवून घेतलं. कोरस ऐकवला. त्यांनी म्हणून पाहिला, वर जाता जाता खोकल्या, आणि म्हणाल्या, "अगं, मी काय लताबाई आहे का? माझ्या बरोबरीच्या बायका इथं तोंड मिटतील नि पोराचं तोंड बघत बसतील."

पेटीवाले काका दारात उभे होते. "पांढरी तीन घ्या," ते म्हणाले. म्हणजे सा पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर. गायक दोन दिवस बोलला नाही. पाचवरून तीनवर उतरलो आणि गाणं एकदम माणसांत आलं.

शब्दांवर तर तिकडेही मारामाऱ्या होतात. जॉन मार्क मॅकमिलन या गीतकाराचा मित्र २००२ मध्ये मोटार अपघातात गेला. त्या धक्क्यात त्यानं 'हाउ ही लव्ह्ज' लिहिलं. त्यात स्वर्ग आणि पृथ्वी एकमेकांना भेटतात त्याला त्यानं ओल्या, लाळेनं माखलेल्या चुंबनाची उपमा दिली. लहान पोर गालाचा मुका घेतं तसं. पुष्कळ मंडळ्यांना ते उपासनेत म्हणवेना. पुढं डेव्हिड क्राउडर या गायकानं ते गाणं घेतलं तेव्हा मूळ कवीच्या संमतीनं तो शब्द सौम्य केला: ओलं जाऊन 'अनपेक्षित' आलं. गाणं घरोघरी पोचलं. मला मात्र ओलंच आवडतं. दुःखात लिहिणाऱ्याच्या तोंडी अनपेक्षित हा शब्द येत नाही, तो समितीच्या तोंडी येतो.

याच्या उलटंही घडतं. कीथ गेटीनं चाल केली, स्टुअर्ट टाऊनेंडनं शब्द लिहिले, असं २००१ चं एक गाणं आहे, 'इन क्राइस्ट अलोन'. त्यात वधस्तंभावर देवाचा क्रोध शमला अशा अर्थाची ओळ आहे. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या मंडळींचं नवं गीतपुस्तक व्हायचं होतं, त्या समितीला क्रोधाऐवजी प्रेम हवं होतं. कवींनी नकार दिला. २०१३ मध्ये पुस्तक निघालं ते त्या गाण्याशिवाय. क्रोधाबद्दल माझं स्वतःचं मत अजून डळमळीत आहे, पण 'नको असेल तर सगळंच नको' म्हणणाऱ्या त्या दोघांबद्दल मला आदर वाटतो.

आमची समिती म्हणजे पाळकसाहेब. त्यांनी आमचं दुसरं कडवं वाचलं आणि चष्मा काढला. त्यात देवाला विचारलं होतं, तू मला विसरलास का?

"बाळांनो, देव विसरत नसतो."

कुणी काही बोललं नाही. बोलला तो आमचा ड्रमर, जो एरवी स्टुलाशीच बोलायचा. "पण साहेब, तेराव्या स्तोत्रात दावीद हेच म्हणतो ना?"

पाळकसाहेबांनी शास्त्र उघडलं, वाचलं, मिटलं. "असू दे," म्हणाले. त्या दोन शब्दांसाठी मी आजही त्यांना मानते. आजच्या ख्रिस्ती पॉपमध्ये आनंदी गाण्यांचा सुकाळ आहे आणि विलापाचा दुष्काळ. स्तोत्रसंहितेत मात्र रडगाणी भरपूर, आणि ती देवाच्या तोंडावर म्हटलेली.

आणखी एक आरोप या गाण्यांवर नेहमी होतो: यातला 'तू' काढून प्रियकर बसवला तरी चालेल. एमी ग्रँटचं 'बेबी बेबी' १९९१ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. लिहिलं होतं तिच्या तान्ह्या मुलीवर. व्हिडिओत पुरुष दिसला आणि पुष्कळ भाविकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मराठी माणसाला ही तक्रार फारशी कळत नाही. ज्ञानदेवांच्या विराण्या ऐकत मोठे झालेले आपण. देवाला साजण म्हणण्यात आपल्याला कधी काही वावगं वाटलं नाही.

आणि हो, हिशोबही असतो. १९८८ पासून तिकडे परवान्याची एक व्यवस्था आहे: चर्च वर्षाला पैसे भरतं, कोणती गाणी म्हटली ते कळवतं, आणि त्या प्रमाणात कवीला मानधन जातं. आमच्या गाण्याचा खर्च मात्र चहाचा होता. तोही मावशींनी दिला.

आता त्या खोडलेल्या ओळीकडे येते.

आमची चाल इंग्रजी वळणाची होती, कारण कान तसे झाले होते. इंग्रजी ओळ ठेक्याच्या आधी सुरू होते. त्या भाषेत 'द', 'अँड', 'अ' असले चिल्लर शब्द असतात, ते समेच्या आधी भिरकावून देता येतात आणि वजनदार शब्द बरोबर समेवर पडतो. मराठीत ही चिल्लर नाही. आपला शब्द पहिल्या अक्षरावर उभा राहतो. 'येशू' त्या चालीत घातला की 'ये' ठेक्याच्या अलीकडे सांडायचा आणि 'शू' समेवर आदळायचा. ये-शूऽऽ. मावशी म्हणाल्या, "लहान पोराला बाथरूमला नेतात तसं वाटतंय." त्यानंतर ती चाल कुणालाही गंभीरपणे म्हणता येईना.

आणि त्याहून मोठा घोळ 'मी'चा. बार्ट मिलार्डचा 'आय' बाईही म्हणू शकते, बाप्याही, शेंबडं पोरही. शब्द मी लिहीत होते, म्हणून पहिल्या खर्ड्यात 'मी गाते'. गायकानं ते सहज 'गातो' केलं. मी म्हटलं, बाकांवर निम्म्याहून जास्त बायका असतात, त्यांनी गातो का म्हणायचं? तो म्हणाला, मग मी गाते म्हणू का? 'आम्ही गातो' करून पाहिलं, तर गिटारवाल्यानं पेन्सिलीनं तो प्रश्न लिहिला. त्याचं बरोबर होतं. 'आम्ही' म्हटलं की ते मिरवणुकीचं गाणं व्हायचं. रात्री एकटं पडून आढ्याकडे बघणाऱ्या माणसाचं राहायचं नाही. त्याचे पप्पा आम्ही आधीच काढले होते. आता त्याचा 'मी'सुद्धा काढत होतो.

दोन शनिवार याच्यावर गेले. तिसऱ्या शनिवारी पेटीवाले काका आत येऊन बसले. पेटी पुढं ओढली, भाता उघडला, पण वाजवलं नाही.

"तुम्ही लोक टिळकांची गीतं म्हणता ना? ती अजून टिकली ती कशानं?"

रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्या नगरला राहिलेले. नगरच्या ख्रिस्ती घरात ते नात्यातल्या माणसासारखे असतात. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, हे आम्हाला शब्बाथ शाळेपासून पाठ. पण त्या पुलाचं मोजमाप असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

"अभंग मोजा," काका म्हणाले. "सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळवायचं. चौथा लहान. तिथं दम घ्यायचा."

मी मोजत बसले. गिटारवाला तेच चार कॉर्ड सावकाश फिरवत राहिला. चार चरण, चार कॉर्ड, भांडण नव्हतं. तासाभरानं हे उभं राहिलं:

पहाटेच्या आधी
रात्र होते मोठी
नाव तुझे ओठी
मी गाते

काकांनी बोटांवर मोजलं. "मी, गा, ते. तीनच भरतायत. एक अक्षर कमी पडतंय."

"गातो केलं तरी तीनच," गायक हळूच म्हणाला.

सगळे गप्प. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं. आणि बेसवाला, जो या सगळ्या काळात बहुधा एकही सूचना न करता बसला होता, म्हणाला, "गाईन?"

मी. गा. ई. न.

मी वहीवर वाकून बोट ठेवत पुन्हा मोजलं. चार. बाई म्हणो, बाप्या म्हणो, गाईन. आपल्या व्याकरणात आज गाणारा माणूस बाई किंवा पुरुष असावाच लागतो. उद्या गाणाऱ्याला कुणी विचारत नाही. पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते खूश होऊन गलतीकरांस पत्रातलं पौलाचं ते प्रसिद्ध वाक्य ऐकवू लागले, पुरुष नाही नि स्त्री नाही असं. आम्हाला एवढं काही सुचलं नव्हतं. आम्हाला फक्त एक अक्षर हवं होतं.

आता मी वाजवते तिथं सगळ्यांच्या कानात क्लिक असतो. छोट्या इयरफोनमधून टक-टक-टक-टक, सुरू होण्याआधी चार ठोके आणि मग गाणं संपेपर्यंत. मंडळीला तो ऐकू येत नाही. त्यांना वाटतं आम्ही एकमेकांकडे बघून इतके नेमके सुरू होतो. नगरला असलं काही नव्हतं. ड्रमर 'वन-टू-थ्री-फोर' ओरडायचा आणि पुढच्या बाकावरची पोरं त्याची नक्कल करायची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी, प्रवचनाच्या आधी, आम्हाला वेळ मिळाली. मावशी तिसऱ्या बाकावर, पदर खोचून तयार. काका पेटीवर, त्यांनी तबलेवाल्यालाही आणलं होतं, न विचारता. शब्दांच्या झेरॉक्स वाटून झाल्या. ड्रमरनं ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात गिटारवाल्यानं त्याला हातानं थांबवलं आणि खिशातून काहीतरी काढलं.

पप्पांचा जुना पंच होता. स्प्रिंग सैल झालेला, डेपोत जमा करायचा राहून गेलेला. त्यानं तो माइकजवळ धरला.

टक. टक. टक. टक.

मागच्या बाकावर कुणीतरी सवयीनं थोडं पुढं सरकलं. आणि मी पांढरी तीन दाबली.